पिल्लं खायची नोकरी

मी एक जुना एंजल मासा आहे. मित्रांनो, ‘म्हातारा’ म्हणायचं असेल तर मनातल्या मनात म्हणा. माझे कान दिसत नाहीत म्हणून फसू नका, काचेजवळ कुणी नुसतं कुजबुजलं तरी माझ्या अंगाला ते बरोबर कळतं.

बाजूने बघाल तर मी पतंगासारखा दिसतो, समोरून बघाल तर नुसती एक उभी रेघ. अंगावर काळे पट्टे, वर एक लांब पर, खाली एक लांब पर. रूप देखणं, चाल राजासारखी. स्वभाव मात्र जळकुकडा. सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. उभा जन्म पाण्यात काढला, तरी माझी आग काही विझली नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे सिमेंटच्या टाक्या होत्या आणि एकेका टाकीत फरशीचा तुकडा तिरका टेकवून ठेवलेला असायचा. अशाच एका तुकड्यावर माझ्या आईने अंडी चिकटवली आणि माझा बाप पर हलवून हलवून त्यांना ताजं पाणी घालत बसला. किती प्रेमळ, असं वाटलं ना? थांबा. जरा कुठे खुट्ट झालं, जरा मन घाबरलं, की आमच्यातले आईबाप तीच अंडी गट्टम करतात. म्हणून शेडवाल्याने वेळीच फरशीचा तुकडा उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवला, आणि त्याच्या कृपेने मी आज तुमच्याशी बोलतोय. आमच्यात हे चालतं. कुणी मनाला लावून घेत नाही.

भावंडं इतकी होती की नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता. खाणं पडलं की ढकलाढकली. शेजारच्याच्या तोंडात गेलेला घास माझ्यापेक्षा मोठा होता, हा विचार मी डोळे उघडल्या दिवसापासून करतोय.

पुढे पिशवीत पाणी, पाण्यात मी, वर फुगवलेली हवा, अशी माझी वरात माशांच्या एका दुकानात आली. दुकानदार भल्या मोठ्या मिशांचा होता. त्याने मला चांगली जागा दिली, पण शेजारी गोल्डफिश ठेवले. येणारं प्रत्येक पोर माझ्यासमोरून सरळ तिकडे जायचं. तोंडाची उघडझाप करण्यापलीकडे त्या गोल्डफिशला काय येतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एक दिवस दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. हा भिंगरीचा बाबा. भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. एका जागी उभी राहायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. बाबाचं काम अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायचं. दोघं अडकले की गप्पा मारत बसतात आणि एकटा अडकला की दार उघडेपर्यंत रडकुंडीला येतो, हे त्याने रोज बघितलेलं. त्यामुळे जिवंत वस्तू घरात एकटी आणायची नाही, असा त्याचा दंडकच होता. गप्पी मासे आणले तेही जोडीजोडीने. एक नर, एक मादी, एक नर, एक मादी. कुणाला एकटं वाटायला नको.

मग काय होणार? गप्पी मादी अंडीबिंडी घालत बसत नाही. थेट पोहणारी पिल्लं देते, आणि महिना झाला की पुन्हा देते. बाबा दुकानात आला तो कपाळाला हात लावूनच. पाणी गढूळ होतं, फिल्टर तुंबतो, टाकीत मासे जास्त आणि पाणी कमी झालंय, असं गाऱ्हाणं त्याने मिशीवाल्याला सांगितलं. मिशीवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

“हा न्या. पगार मागत नाही, सुट्टी घेत नाही. पिल्लू दिसलं की काम झालं.”

अशी मला नोकरी लागली. बाबा सवयीने दोन मागत होता. पण मिशीवाला म्हणाला की दोन एंजलांची जोडी जमली तर ते टाकीवर कब्जा करतील आणि बाकीच्यांना कोपऱ्यात बसवतील. म्हणून मी एकटा आलो. त्या घरात एकटं असं दुसरं कुणी आलं नव्हतं. एक मी, आणि माझ्याआधी आलेली भिंगरी. आमचं जमायला वेळ लागला नाही.

तेव्हा ती एवढीशी होती. टाकीच्या टेबलाची कड धरून टाचा उंचावायची आणि नाक काचेला चपटं करायची. तिनेच माझं नाव सरदार ठेवलं. पिल्लं कुठे जातात, असं तिने बाबाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ती मोठी होऊन फिरायला गेली. मग एका सकाळी तिच्या डोळ्यांदेखत मी एक पिल्लू उचललं. बाबाचा चेहरा उतरला. भिंगरीने मात्र शांतपणे घरात जाऊन जाहीर केलं की सरदारचा नाश्ता झाला. मला ही पोरगी तेव्हाच आवडली.

ते दिवस सोन्याचे होते, मित्रांनो. घरी कुणी आलं की बाबा आधी मला दाखवायचा. हा आला आणि कटकट मिटली, म्हणायचा. भिंगरी बोटाच्या चिमटीत दाणा धरायची आणि मी तो वरच्यावर टिपायचो. बाबाची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, अधूनमधून राहायला यायची. ती चष्मा सावरत टाकीवर वाकली की मी शेपटीचा असा एक फटका द्यायचो की चष्म्याच्या दोन्ही काचांवर पाणी. आत्या मला मेल्या म्हणायची आणि भिंगरी जमिनीवर लोळून हसायची. मला दुसरं काय हवं होतं?

मग त्या घरात बाळ आलं.

एकटीला करमणार नाही, हाच बाबाचा हिशेब. भिंगरीची आई एक दिवस पोट सांभाळत गेली आणि परत आली ती गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती आता सुट्टीवर घरीच. आत्या मदतीला म्हणून मुक्कामाला आली. टाकीच्या शेजारी पाळणा लागला. बाळाच्या डोळ्यांवर येतो म्हणून माझा दिवा बंद. बाळ दचकतं म्हणून माझा हवेचा पंप हळू. खिडकीत दुपट्यांची रांग, म्हणजे माझं ऊनही गेलं.

भिंगरीचं तर विचारूच नका. येणारे लोक तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, पण बघायचे पाळण्यात. जरा काही मागितलं की आई थकल्या आवाजात म्हणायची, आता तू मोठी झालीस ना. काल रात्रीपर्यंत लहान असलेली मुलगी एका सकाळीत मोठी कशी होते, हे तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

ती नाक काचेला लावून माझ्याशी बोलायची.

“सरदार, तो काहीच करत नाही. नुसता झोपतो. आणि सगळे म्हणतात, किती गुणी आहे.”

मी दोन्ही पर ताठ केले. जळण्यात सोबत मिळाली की बरं वाटतं.

पण माझी पाळी अजून यायची होती. एका सकाळी जाडजूड गप्पी मादीने पिल्लं द्यायला सुरुवात केली आणि मी नेहमीसारखा कामावर हजर झालो. बाबा पाळण्याजवळ बसला होता. तो उठला, बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि मला चक्क बाजूला ढकललं.

“अरे सोड. तान्ही आहेत ती.”

ऐकलंत? ज्या माणसाने मला या कामासाठी घरात आणलं, त्याच माणसाला स्वतःचं बाळ झाल्यावर माझ्या कामाची दया यायला लागली. तो त्याच दिवशी दुकानात गेला आणि पिल्लं ठेवायची पेटी घेऊन आला. पारदर्शक प्लास्टिकची, फटी ठेवलेली, काचेला रबराच्या वाट्यांनी चिकटणारी. आणि लावली कुठे? हीटरजवळच्या कोपऱ्यात. माझ्या कोपऱ्यात. टाकीतली सगळ्यात उबदार जागा ती, मी तिथे झोपायचो.

आता समोर जेवणाचं ताट, मध्ये प्लास्टिक. पिल्लं म्हणजे डोळे लावलेले स्वल्पविराम, त्यांच्यात बघण्यासारखं काय असतं? पण पाहुणे आधी पाळण्यात बघायचे, मग पेटीत बघायचे, आणि दोन्हीकडे एकच आवाज काढायचे. कित्ती गोड. बाबा उकडलेल्या अंड्याचा बलक बोटांत चुरून चिमूट चिमूट त्यांना घालायचा. मला तेच ते जुने कोरडे दाणे, तेही आठवण राहिली तर. मी येता-जाता पेटीला खालून डोकं मारायचो. आत भूकंप. पिल्लं इकडची तिकडे. तेवढीच करमणूक.

भिंगरीचेही उद्योग चालूच होते. बाळाचा खुळखुळा एकदा पिठाच्या डब्यात सापडला. एक इवलासा पायमोजा माझ्या टाकीत तरंगताना मिळाला. आत्या ओरडली, आई नुसती बघत राहिली, बाबाने बोट उगारून समज दिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या विरोधात हेच गेलं.

इकडे पिल्लं वाचत गेली. वाचली ती वाढली. आणि वाढणारी सगळी पेटीत मावतात थोडीच? काही बरण्यांत गेली, काही बादलीत. फ्रिजवर बरणी, ओट्यावर बरणी, दुधाच्या बाटल्यांशेजारी बरणी. पाण्याला वास यायला लागला. बाबा कामावरून येऊन पाणी बदलत बसायचा आणि निम्मं पाणी फरशीवर सांडायचा. एक दिवस तर त्याने मासे बाळाच्या आंघोळीच्या टबात ठेवले.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “टबात मासे आहेत. मग मी बाळाला आता टाकीत बुचकळू का?”

बाबा म्हणाला की बागेतल्या तळ्यात सोडून येतो. आत्या म्हणाली की एवढं लांब कशाला जायचं, मोरी आहे ना. तेव्हा भिंगरीची आई पडल्या पडल्या म्हणाली, आणि ती फारसं बोलत नसे म्हणून सगळ्यांनी ऐकलं, की मोरीत ओतलं तर ते हाल हाल होऊन मरतील, आणि तळ्यात सोडले तर तिथले जे आहेत त्यांचं खाणं हे फस्त करतील. “आपल्या घरचा पसारा दुसऱ्याच्या दारात टाकायचा नाही,” एवढं बोलून ती कुशीवर वळली.

मग बाबाने शेवटी डोकं चालवलं. नर वेगळे, माद्या वेगळ्या. आईच्या दुकानातलं एक भिंग घेतलं, जुनी चाळणी घेतली आणि एका दुपारी बैठक मांडली. भिंगरीला हाक मारली. नर कसा ओळखायचा? अंगाने बारीक, रंगीत, शेपूट झेंड्यासारखं. मादी जाड, साधी, पोटाशी काळा डाग. बाबा प्रत्येक माशाला भिंग लावून विचार करत बसायचा आणि भिंगरी तोवर नुसत्या डोळ्यांनी नर, मादी, मादी, नर सांगून मोकळी. दोघं किती दिवसांनी असे मांडीला मांडी लावून बसले होते. एकदा तर बाळ रडलं आणि बाबा उठलाच नाही, आत्याला म्हणाला, ताई, जरा बघ ना. मी काचेतून सगळं पाहत होतो. त्या दुपारी मीसुद्धा जळलो नाही. म्हणजे थोडाच जळलो.

सगळे नर माझ्या टाकीत आले. सगळ्या माद्या खिडकीतल्या नव्या टबात गेल्या. पेटी काढून कपाटावर टाकली. माझा कोपरा मला परत मिळाला. नरांच्या लांब लांब शेपट्या माझ्यासमोरून मिरवत जायच्या, त्यांची टोकं मी अधूनमधून कातरायचो. नसते नखरे कशाला?

आणि मग एका सकाळी माद्यांच्या टबात पिल्लं दिसली. ढीगभर.

बाबा टबाजवळ उकिडवा बसला. नर एकही नाही. पुन्हा पुन्हा बघितलं. नाहीच. थोडे दिवस गेले आणि दुसऱ्या मादीने पिल्लं दिली. मग बाबा उठला आणि त्याने भिंगरीला हाक मारली. पायमोजा, खुळखुळा, सगळं त्याच्या डोक्यात असणार.

“खरं सांग. टबात नर तू टाकला होतास ना?”

“नाही.”

“मग पिल्लं काय आभाळातून पडली?”

“मला काय माहीत. मी नाही टाकला.”

बाबाचा आवाज चढला. रात्रभर बाळ झोपू देत नव्हतं, दिवसभर लिफ्टा, घरात बरण्या. तो म्हणाला की तुला बाळ नको, मासे नको, तुला सगळ्यांना त्रासच द्यायचा आहे. आई म्हणाली, भिंगरी, खोटं बोलू नये. आत्याने पाळणा जरा स्वतःकडे ओढून घेतला. भिंगरीने ते बघितलं. मीही बघितलं.

त्या दिवशी ती टाकीजवळ आली. कपाळ काचेला टेकून उभी राहिली. मी तिच्यासमोर गेलो, पर पसरले, एक गिरकी मारली. तिने डोळेच उघडले नाहीत.

रात्रीच्या जेवणाला बाबाने निर्णय सांगून टाकला. पिल्लांना आता मोठी टाकी द्यायला हवी, टबात ती मरतील. आणि सरदार आहे तोवर मोठ्या टाकीत पिल्लं सोडता येणार नाहीत. तेव्हा सरदारला दुकानात परत द्यायचं. तसाही तो आता जुना झालाय, नरांच्या शेपट्या तोडतो. भिंगरीने विचारलं की दुकानात त्याला खायला देतात का. बाबा बाटल्या धुत होता. देतात की, म्हणाला, जुने परत घ्यायची त्यांच्याकडे सोय असते.

तर असं. पिल्लांमुळे मला नोकरी लागली, पिल्लांमुळेच गेली. त्या रात्री मी इतका जळलो की पाणी उकळलं नाही याचंच नवल.

सुट्टीचा दिवस होता. बाबाने मला जाळीत धरलं आणि पिशवीत भरलं. भिंगरी म्हणाली मी पण येते, आणि दप्तर पाठीला लावलं. आज शाळा नाही, दप्तर कशाला, असं आत्याने विचारलं. असू दे, म्हणाली. आई बाळाला पाजत होती. भिंगरी दारात जरा थांबली, तिच्याकडे बघितलं आणि चप्पल घातली.

बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो. तिने दोन्ही हातांनी पिशवी धरली होती, हिंदकळू नये म्हणून. माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. मोठी माणसं खिडकीबाहेर बघतात ना, तसा चेहरा.

मिशीवाल्याने पिशवी उजेडात धरली आणि मला लगेच ओळखलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाबाने सगळं रामायण सांगितलं. नर वेगळे केले, माद्या वेगळ्या केल्या, तरी पिल्लं होतातच, कारण आमच्या घरात एक उपद्व्यापी कार्टी आहे. असं म्हणून त्याने भिंगरीकडे हनुवटीने दाखवलं.

मिशीवाला हसायला लागला. “पोरीला कशाला बोल लावता? मादी एकदा नराजवळ राहिली ना, की पुढे कितीतरी महिने एकटीच पिल्लं देत राहते. मग नर जवळ असो नसो. मीच तुम्हाला सांगायला विसरलो होतो.”

बाबाने कानामागे खाजवलं. मग भिंगरीकडे बघितलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने दप्तर काढून काउंटरवर ठेवलं होतं, माझ्या पिशवीच्या शेजारी.

“काका, तुम्ही जुने परत घेता ना?”

“घेतो की. अजून काय आणलंय?”

“मासा नाही. माणूस.”

मिशीवाल्याने बाबाला डोळा मारला. अशी पोरं त्याने पाहिली असणार. तान्हं बाळ आम्ही घेत नाही गं, फार रडतात, असं तो लाडात म्हणाला.

“बाळ नाही. बाळ तर नवीन आहे,” भिंगरी म्हणाली. “मी.”

दुकानातले सगळे पंप बुडबुड करत होते.

“मी सगळं जेवते. टाक्या पुसता येतात मला. आणि नर-मादी ओळखता येतात.” मग जरा विचार करून ती म्हणाली, “सरदारच्या जवळची जागा चालेल.”

दप्तराची चेन अर्धी उघडी होती. आतून तिचा दात घासायचा ब्रश बाहेर डोकावत होता, खाली घडी केलेला फ्रॉक.

मित्रांनो, माझ्या पिशवीतलं पाणी हलायला लागलं. आधी मला कळेना का. मग दिसलं. बाबाने दप्तर आणि माझी पिशवी, दोन्ही एकदम स्वतःकडे ओढून घेतली होती. अंधाऱ्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावर लोंबकळणारा माणूस तो, त्याला इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तो खाली बसला. दुकानाच्या ओल्या फरशीवर, तसाच, पँटचा विचार न करता. भिंगरीच्या डोळ्यांसमोर डोळे आले तेव्हा त्याने विचारलं, “तुला असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पिल्लं आली की मोठ्याला देतात. तूच देतोयस ना सरदारला.”

मी आजवर बरंच काही गिळलंय, पण ते वाक्य बाबाला गिळता येईना. बराच वेळ त्याने तिला नुसतं जवळ धरून ठेवलं. मिशीवाला उगाचच दुसरीकडे बघत एक स्वच्छ काच पुसत राहिला. मग बाबा उठला. एका खांद्याला दप्तर अडकवलं, एका हातात माझी पिशवी घेतली.

“काका, हा परत द्यायचा नाही. पिल्लंच घ्याल का?”

मिशीवाला म्हणाला, आणा. जरा मोठी आणि तब्येतीने चांगली असली तर मी ठेवून घेतो, मागणारे असतात. माद्याही आणून द्या, पोटातली पिल्लं माझ्याकडे होऊ देत. घरी फक्त नर ठेवा. “म्हणजे तुमच्या घरात पाळणा एकच राहील.”

परतीच्या बसमध्ये भिंगरी बाबाच्या मांडीवर होती आणि मी भिंगरीच्या. इतकी मोठी मुलगी मांडीवर, शेजारची बाई बघत होती. बघू दे.

“नर तू टाकला नव्हतास,” बाबा म्हणाला.

“नाही.”

“मी चुकलो.”

“हो,” भिंगरी म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळाने तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं. मी मध्ये चेंगरत होतो, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

घरी बाबाने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, दार लावलं होतं. एवढं दिसलं की आईने बाळ आत्याकडे दिलं, बाहेर आली, दप्तरातला फ्रॉक काढून कपाटात ठेवला, ब्रश जागेवर लावला. मग भिंगरीला पुढ्यात बसवलं आणि तिचे केस विंचरायला घेतले. केस विंचरून झाले, तरी विंचरत राहिली. बाळ रडायला लागलं. आई म्हणाली, ताई, त्याला जरा फिरवून आणता का. आत्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंगरीच्या गालाचा मुका घेतला. माझं लक्ष होतं.

पुढच्या आठवड्यात माद्या गेल्या, मागोमाग पोसलेली पिल्लं गेली. ओट्यावर पुन्हा फक्त दुधाच्या बाटल्या उरल्या. टाकीत आता मी आहे आणि थोडे नर. पिल्लं होत नाहीत, त्यामुळे मला काम नाही. खाऊन-पिऊन निवृत्त. डोळ्यांना जरा कमी दिसतं, परांच्या कडा विरल्या आहेत. पण भिंगरी शाळेतून आली की आधी माझं पाणी बघते, मग हातपाय धुते.

मित्रांनो, तुमच्या घरी मासे आणायचे असतील तर दुकानातच विचारून घ्या, कोणता नर आणि कोणती मादी, आणि पिल्लं झाली तर ती कुठे जाणार. हे आधी विचारा, बरण्या संपल्यावर नाही. टाकीत जेवढे मावतील तेवढेच ठेवा. जास्त झाले तर कुणाला तरी द्या, मोरीत आणि तळ्यात सोडू नका. आणि घरात नवीन जीव आला की सगळे त्याच्यावर वाकतात, तेव्हा तुमच्यातला एखादा जरा मागे वळून बघा. काचेला कपाळ लावून कुणी उभं असेल. मी मासा आहे, मला गिरकी मारण्यापलीकडे काही करता येत नाही. तुम्हाला हात आहेत.

आता तुम्ही म्हणाल, सरदार सुधारला. छे. बाळ आता उभं राहतं. टेबलाची कड धरून टाचा उंचावतं आणि नाक काचेला चपटं करतं. लाळेने माझी अख्खी काच बरबटवतं. भिंगरी फडकं घेऊन येते, काच पुसते आणि त्याला सांगते, “हा माझा आहे. तू बघ, पण मला विचारून.”

ते मान डोलावतं आणि माझ्याकडे बघून बोळकं पसरतं. मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करतो. मग थोडा वेळ थांबून, त्याच्याकडे भिंगरी जास्त बघतेय की माझ्याकडे, हे हळूच वळून तपासतो.